पॅरिसमध्ये फ्रेंच जेवायचंय? मग सरळ खानावळीत जा

भारतातून कुणाचं पॅरिसला यायचं ठरलं की व्हिसा हातात पडायच्या आधीच मला मेसेज येतो, "अगं तिथे ऑथेंटिक फ्रेंच कुठे मिळतं?" आणि दरवेळी तेच तेच टाईप करून मी आता कंटाळलेय, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतेय, पुढच्याला हेच फॉरवर्ड करणार. मी मूळची डोंबिवलीची, चार वर्षं झाली इथे, राहते क्रेतेईला म्हणजे मेट्रोच्या आठ नंबर लाईनच्या जवळजवळ शेवटाला. फूडी वगैरे नाही हां मी. स्वतःच्या पगारातून स्वतःचं बिल भरणारी आहे, आणि पॅरिसमध्ये बिल भरायची वेळ आली की माणूस फार लवकर शहाणा होतो.

पहिला शहाणपणा मला पहिल्याच आठवड्यात मिळाला. एका जगप्रसिद्ध वास्तूच्या समोरचं रेस्टॉरंट, नाव नाही लिहीत, बाहेर सहा भाषांतला मेनू, पदार्थांचे फोटो लॅमिनेट करून लावलेले, आणि एक माणूस दारात उभा राहून "मॅडम, इंडिया? नमस्ते!" करतोय. तिथेच पळायला हवं होतं. नाही पळाले. कांद्याचं सूप मागवलं, ते वरून उकळतं आणि मधे गार, म्हणजे मायक्रोवेव्हमधून आलेलं हे शेंबड्या पोराला पण कळेल, आणि सूप, एक कोंबडीचा तुकडा आणि पाण्याची बाटली मिळून जे बिल आलं त्यात माझी डोंबिवलीतली अख्खी वाढदिवसाची पार्टी झाली असती. तेव्हापासून नियम केला, फोटोवाला मेनू आणि दारात बोलावणारा माणूस, ह्यातलं एक जरी दिसलं तरी रस्ता क्रॉस. बाहेरच्या मेनूवर एक छोटं चित्र बघा, भांड्यावर घराच्या छपरासारखं झाकण, त्याचा अर्थ पदार्थ तिथेच कच्च्या मालापासून बनवलाय. २०१४ पासून हे चिन्ह इथे अधिकृत आहे. ते नसलं म्हणजे वाईटच असं नाही, पण असलं तर जरा धीर येतो.

आता मुद्द्याचं. पॅरिसमध्ये बुइयों नावाचा एक प्रकार आहे आणि ती, मी शपथेवर सांगते, आपली खानावळ आहे. बुइयों म्हणजे रस्सा, खरं तर कोल्हापूरकडे मटणाचं आळणी काढतात ना, तिखट न घातलेलं, ते. १८५५ च्या सुमारास दुवाल नावाच्या एका खाटकाने हे सुरू केलं. चांगलं मांस श्रीमंत गिऱ्हाईक घेऊन जायचं, उरलेलं तो पाण्यात शिजवून तिथल्या ले आल नावाच्या घाऊक बाजारातल्या हमालांना गरम गरम रस्सा आणि मांस असं स्वस्तात द्यायचा. ते इतकं चाललं की एकोणिसावं शतक संपेपर्यंत शहरभर बुइयों झाले. मग हळूहळू फॅशन गेली, ब्रासरी आल्या, बिस्त्रो आले (हे इथल्या हॉटेलांचेच दुसरे प्रकार), बरेचसे बंद पडले. आणि आता गेल्या सात-आठ वर्षांत परत लाट आलीय, कारण सरळ आहे, बाकी सगळं महाग झालं.

ह्यातला जुना खांब म्हणजे शार्तिये. १८९६ चा. ग्राँ बुलवार मेट्रो स्टेशनला उतरायचं, आठ आणि नऊ दोन्ही लाईन जातात, फोबुर मोंमार्त्र रस्त्यावर ७ नंबर. बाहेरून काहीच दिसत नाही, एक बोळ आहे, आपल्या गिरगावातल्या वाडीत शिरल्यासारखं आत शिरायचं, मग अंगण, आणि अंगणात रांग. बुकिंग नाही. मंत्री असा नाहीतर माझ्यासारखे, रांगेत उभं राहायचं. पण रांग पळते, कारण आत एका वेळी शेकड्यांनी माणसं बसतात आणि कुणालाही रेंगाळू देत नाहीत.

मागच्या सप्टेंबरात आई-बाबा आले होते तेव्हा मी त्यांना पहिल्याच दिवशी तिथे नेलं. बाबांचा चेहरा आधी जरा पडला होता, त्यांना वाटलेलं पॅरिस म्हणजे मेणबत्ती, व्हायोलिन वगैरे, आणि इथे बघतात तर काय, उंच छत, काचेचं, भिंतीभर आरसे, गोल गोल दिवे, टेबलांवर पितळेचे रॅक रेल्वेच्या डब्यात सामान ठेवायला असतात तसे, आणि आवाज! दादर स्टेशनचा आवाज. आम्हाला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या टेबलावर बसवलं कारण शेअरिंग करावंच लागतं, त्यांनी बोंजूर केलं, आम्ही बोंजूर केलं, झालं, पुढे ते त्यांच्या गोगलगायींत आणि आम्ही मेनूत.

वेटर काळं जाकीट आणि लांब पांढरा एप्रन घालून येतो, हातात ना टॅब ना वही, तुमची ऑर्डर टेबलावरच्या कागदी आच्छादनावर पेनाने लिहितो, आणि शेवटी तिथेच बेरीज मारून बिल करतो. बाबा हे बघून एकदम गप्प. मग भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, ते ड्रॉवर कसले गं? लाकडी, छोटे, प्रत्येकावर नंबर. मी सांगितलं की पूर्वी रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांचे कापडी नॅपकिन त्यात राहायचे, ज्याचा त्याचा नंबर, आला की काढायचा, जेवला की परत ठेवायचा. झालं, बाबा सुटले. त्यांची आत्या लालबागला खानावळ चालवायची, गिरणीतले वीस-बावीस लोक दोन वेळा जेवायला, सगळे साताऱ्याकडचे नाहीतर कोकणातले, बायका-पोरं गावी, पगार झाला की महिन्याचे पैसे, आणि प्रत्येकाची पाट-ताट-तांब्याची जागा ठरलेली, दुसरा बसला तर भांडण. हिशोब आत्या भिंतीवर कोळशाने लिहायची, बाबा म्हणाले, आणि हा कागदावर लिहितो एवढाच फरक. शार्तियेच्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे, १९२९ चं, ते म्हणे जेर्मों नावाच्या चित्रकाराने जेवणाची उधारी फेडायला काढून दिलं. हे ऐकल्यावर बाबांना पॅरिस पूर्ण पटलं. आत्याची बरीचशी उधारी ८२ च्या संपात बुडाली, तिला कुणी चित्र काढून दिलं नाही.

बरं, जेवण. अपेक्षा नीट ठेवून जा. हे बारीक कलाकुसरीचं फ्रेंच जेवण नाही, तीन ठिपके सॉस आणि एक पान असलं काही नाही. हे घरचं, शाळेच्या कॅन्टीनचं, आजीचं फ्रेंच जेवण आहे. सुरुवातीला उकडलेलं अंडं आणि वर मेयोनेझ, बस्स, ह्याला इथे स्वतंत्र डिश म्हणतात आणि लोक त्याच्यावर जीव टाकतात. आम्ही गेलो तेव्हा तीन युरोच्या आत होतं. हसू नका, घरचं मेयोनेझ वेगळंच लागतं, बाटलीतल्यासारखं गोड नाही, मोहरीचा झटका असतो. किसलेल्या गाजराची प्लेट आली, आई म्हणाली ही तर कोशिंबीर, फक्त दाण्याचं कूट आणि फोडणी विसरलेत. आणि सेलरीच्या कंदाचा कीस येतो, सेलरी रेमुलाद म्हणतात, तो तिने एक घास खाल्ला आणि डोळ्यात पाणी, नाक धरून म्हणते, "अगं ही फेसलेली मोहरी!" अगदी बरोबर, दिजों मोहरी म्हणजे आपल्या लोणच्यातली फेसलेली मोहरीच, तशीच नाकात जाते. त्यानंतर आईने टेबलावरची मोहरीची बरणी स्वतःकडे ओढली ती शेवटपर्यंत सोडली नाही, आणि तिचा फ्रेंच जेवणाचा प्रश्न तिथेच सुटला. फ्रेंच जेवण आपल्याला सपक लागतं ही तक्रार असणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच सल्ला, मोहरी मागा, फुकट असते.

आई बीफ-पोर्क खात नाही, तिने भाजलेली कोंबडी आणि बटाट्याचे फ्राइज घेतले. बाबांनी बदकाचं कॉन्फी. हे नक्की खा जर बदक चालत असेल तर. बदकाची तंगडी मीठ लावून ठेवतात आणि मग त्याच्याच चरबीत तासन् तास मंद आचेवर शिजवतात, मांस हाडावरून नुसतं काट्याने सुटतं आणि वरची कातडी कुरकुरीत. फ्रीज नव्हते तेव्हाचा मांस टिकवायचा प्रकार आहे हा. मी स्वतः गोगलगायी घेतल्या, लसूण-पार्सली-लोण्यात, आणि खरं सांगायचं तर त्यात गोगलगाय हे निमित्त आहे, खरी मजा ते लसणीचं लोणी पावाने पुसून खाण्यात आहे. शेवटी क्रीमने भरलेला शू, म्हणजे आतून पोकळ, फुगलेली गोल पेस्ट्री, हा एवढा मोठा, तिघांत एक पुरला. बाबांसाठी हाऊस वाईनचा पाव लिटरचा छोटा जग, पाणी-पाव फुकट, तिघांचं मिळून साठ युरोच्या आत. बाबांनी कागदाचा तो बिलाचा तुकडा वेटरकडून मागून घेतला, त्याने अगदी सवयीने फाडून दिला, म्हणजे हे करणारे ते पहिले नव्हते.

आता चव म्हणून विचाराल तर मला स्वतःला नवीन बुइयों जास्त आवडतात. पिगालचा २०१७ ला सुरू झाला, मेट्रो स्टेशनच्या अगदी समोरच, आणि त्याच लोकांनी २०२१ ला रेपुब्लिकला दुसरा काढला, एका जुन्या अल्सेशियन (फ्रान्सच्या अल्सास भागातल्या पद्धतीच्या) ब्रासरीच्या जागेत, आत लाकडावरचं जडावकाम बघत बसावं असं. इथे बफ बूर्गिन्यों म्हणजे रेड वाईनमध्ये शिजवलेलं बीफ दहा-बारा युरोत, सोबत छोटी छोटी मॅकरोनी, आणि तो रस्सा दाट, काळपट, मांस दाताने तोडावं लागत नाही. लीक म्हणजे ती जाड पातीच्या कांद्याची बहीण, उकडून गार करून मोहरीच्या व्हिनेग्रेटमध्ये (तेल-व्हिनेगरचं सॉस) देतात, शाकाहारी लोकांनो हे तुमच्यासाठी. प्रॉफितरोल म्हणजे छोटे भरलेले शू मागवले तर गरम चॉकलेट वरून ओततात. आणि रि ओ ले, म्हणजे सरळ सरळ तांदळाची खीर, गार, चमचा उभा राहील इतकी दाट. वेलची नाही. आपण घरून नेऊ शकतो, मी नेते, पर्समध्ये डबी असते, हसा खुशाल.

ह्या दोन्हीकडे काही टेबलं ऑनलाईन बुक करता येतात, पण बऱ्याच आधी भरतात. माझी युक्ती, चार वाजता जा. पॅरिसमधली बहुतेक रेस्टॉरंट्स अडीचला किचन बंद करतात ती सात-साडेसातपर्यंत, आणि आपले लोक म्युझियम फिरून बरोबर साडेतीनला भुकेने कासावीस होतात, मग बर्गर खातात आणि घरी जाऊन सांगतात पॅरिसमध्ये खायला काही मिळत नाही. बुइयों दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सलग चालू असतो, आणि चार वाजता रांगही नसते.

दिसायला सगळ्यात सुंदर कुठलं विचाराल तर झुलियँ, फोबुर सँ-दनी रस्त्यावर १६ नंबर. आर नुव्हो शैली, हिरव्या भिंती, काचेचं छत, भिंतींवर फुलांत गुंतलेल्या बायकांची चित्रं. प्रसिद्ध फ्रेंच गायिका एदित पियाफ इथे यायची. शार्तियेपेक्षा थोडं महाग, थोडं शांत, नवऱ्या-बायकोने जायला बरं. ह्या रस्त्याची गंमत अशी की जेवून उत्तरेला चालत सुटलात तर वाटेत पासाज ब्रादी लागतं, भारतीय-पाकिस्तानी हॉटेलांची गल्ली (तिथलं बटर चिकन खायला पॅरिसला यायचं नसतं, पुढे चला), मग गार द लेस्त, मग गार दु नोर ही दोन रेल्वे स्टेशनं, आणि रस्ता संपतो तिथे ला शापेल, श्रीलंकन तमिळ लोकांचा भाग, डोसे, कढीपत्ता, ताजा नारळ, सगळं. त्याच भागात गणपतीचं देऊळ आहे आणि गणेश चतुर्थीच्या सुमाराच्या एका रविवारी रथ निघतो, रस्त्यावर नारळांचे ढीग फोडतात. एका रस्त्याच्या एका टोकाला अंडं-मेयोनेझ आणि दुसऱ्या टोकाला सांबार. मी वैतागले की हा रस्ता चालते.

शाकाहारी मंडळी आता चिडली असतील. तुमच्यासाठी खरा इलाज बुइयों नाहीच, कारण कांद्याच्या सुपात बरेचदा बीफचा स्टॉक असतो आणि मसूर मागवले तर त्यातही डुकराचे तुकडे निघतात. तुम्ही मोंपारनासला जा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून येणाऱ्या गाड्या तिथल्या स्टेशनात थांबतात, तिकडून आलेले लोक तिथेच राहिले, म्हणून मोंपारनास नावाच्या रस्त्यावर ओळीने क्रेपरी, म्हणजे पातळ धिरड्यांसारख्या क्रेपची हॉटेलं, आहेत. गालेत मागायचं. कुट्टूच्या पिठाचं, काळपट, जाळीदार, कडा कुरकुरीत, म्हणजे आपलं घावनच पण तव्याएवढं मोठं आणि पाकिटासारखं चौकोनी दुमडलेलं. 'कोंप्लेत' मध्ये अंडं, चीज आणि हॅम असतं, तुम्ही "साँ जांबों" म्हणायचं म्हणजे हॅम नको. मशरूम, पालक, बकरीचं चीज असेही मिळतात. सोबत सफरचंदाची सायडर, ती ग्लासात नाही, वाटीसारख्या कपात पितात. नंतर गोड क्रेप, खारट लोण्याच्या कॅरॅमलचा, लिंबू-साखरेचा पण छान. मात्र जे अगदी काटेकोर शाकाहारी आहेत त्यांना सांगून ठेवते, इथल्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध गोठवायला वासराच्या पोटातून काढतात ते) असतं, कॉंते नावाच्या चीजमध्ये तर असतंच असतं.

एक वेगळा नमुना म्हणजे रले द लांत्रकोत नावाचं रेस्टॉरंट. मेनूच नाही! बसलात की वेटर बाई एकच प्रश्न विचारते, मांस किती शिजवू. आधी अक्रोड घातलेलं सॅलड, मग कापलेलं स्टेक हिरवट सॉसमध्ये, सोबत फ्राइज, आणि संपत आलं की दुसरी वाढ, तीच प्लेट परत भरते, आग्रह केल्यासारखी. सॉसची रेसिपी गुप्त आहे आणि त्यावर लोक तावातावाने भांडतात. बीफ न खाणाऱ्यांनी मात्र आत शिरूच नका, दुसरं काही नाही.

स्टेकचं शिजवणं शिकून या नाहीतर माझं झालं तसं होईल. एका ठिकाणी, वरच्यांपैकी कुठलंच नाही, मी ऐटीत "सेन्याँ" म्हणाले कारण उच्चार गोड वाटला, आणि आलं ते ताटात जवळजवळ हंबरत होतं. ब्ल म्हणजे कच्चंच, सेन्याँ म्हणजे रक्ताळ, आ प्वाँ म्हणजे त्यांच्या मते मधलं पण आपल्या मते अजूनही गुलाबी, आणि बियँ क्वी म्हणजे आपल्याला हवं ते. बियँ क्वी म्हटल्यावर वेटर थोडा दुःखी होतो, होऊ दे. आणि आंदुइयेत. हे डुकराच्या आतड्यांचं सॉसेज असतं, बाबा वजडीचे जुने भक्त म्हणून मी हौसेने एकीकडे मागवलं. वास आधी आला, प्लेट मागून. बाबांनी अर्धं खाल्लं, आत्याच्या हाताची वजडी ह्याच्या शंभर पट, एवढंच बोलले आणि मोहरीची बरणी आईकडून मागून घेतली.

काही बारीक गोष्टी. आत शिरताना आधी बोंजूर, नंतर बाकी सगळं, ते नाही म्हटलं तर फ्रेंच वेटर उद्धट वाटतो, म्हटलं तर तोच माणूस हसून बोलतो, मी दोन्ही करून बघितलंय. वेटरला 'गार्सों' (म्हणजे 'ए पोरा') अशी हाक मारू नका. पाणी मागताना "उन काराफ दो" म्हणा, नळाचं पाणी, फुकट, नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाटली येते आणि बिलात पण येते. सर्व्हिस किमतीतच धरलेली असते त्यामुळे टिपेचं ओझं घेऊ नका, आवडलं तर एक-दोन युरो ठेवा. 'आंत्रे' म्हणजे इथे स्टार्टर, अमेरिकेहून येणारे आपले नातेवाईक हमखास फसतात. ऑगस्टमध्ये अर्धं पॅरिस सुट्टीवर असतं, बेर्तियों हे इल सँ-लुई बेटावरचं प्रसिद्ध आईसक्रीमचं दुकानसुद्धा ऐन उन्हाळ्यात बंद ठेवतात, ह्याला म्हणतात कॉन्फिडन्स, आपल्याकडे मे महिन्यात कुल्फीवाला बंद ठेवून दाखवा.

आणि ज्या दिवशी पैसे वाचवायचेत त्या दिवशी बुलांजरीतून म्हणजे बेकरीतून एक 'त्रादिस्यों' बागेत (तो काठीसारखा लांब फ्रेंच पाव) घ्या, नुसतं 'बागेत' मागू नका, त्रादिस्यों म्हणा, १९९३ च्या नियमाने त्यात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर सोडून फारसं काही घालता येत नाही, दीड युरोच्या आसपास, सोबत थोडं चीज, दोन टोमॅटो, नदीकाठी बसा. शहरात दरवर्षी बागेतची स्पर्धा होते, जिंकणारा वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे पॅलेसला पाव पुरवतो, आणि २०२३ ला ती जिंकली थर्शन सेल्वाराजा ह्या श्रीलंकेत जन्मलेल्या माणसाने. विसाव्या विभागात पिरेने रस्त्यावर त्याची बेकरी. आईला तिथला पाव इतका आवडला की परत जाताना दोन बॅगेत भरले, मी सांगत होते उद्यापर्यंत दगड होईल, झालाच, डोंबिवलीत पोचल्यावर तिने त्याची फोडणीची पोळी करतात तशी फोडणी केली, मोहरी, कढीपत्ता, कांदा, आणि फोटो पाठवला.

शनिवारी रात्री आठला शार्तियेला जाऊ नका. मंगळवारी चारला जा, अंडं-मेयोनेझ, बदक, शू, आणि बसताना ड्रॉवरवाली भिंत दिसेल अशी खुर्ची मागा.